निवळचा फेरफार

माझं म्हणणं एवढंच होतं, की अख्खा देश नकाशावरून काढून टाकायचा तर आधी नोटीस तरी द्यावी.

मी शहापूरला तहसील कचेरीसमोर एका वकिलांकडे टायपिंग करते. दोन गुंठ्यांच्या तुकड्यावरचं मेलेल्या म्हाताऱ्याचं नाव कमी करायचं असलं तरी फेरफार घालावा लागतो, वारसांना नोटिसा जातात, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. लोक हरकती घेतात, कचेरीच्या पायऱ्यांवर एकमेकांचे बाप काढतात, वकिलांच्या टेबलावर मुठी आपटतात. मला ते आवडतं. निदान विचारलं तरी जातं. आणि इथे निवळसारखा देश कोणीतरी परदेशात बसून पुसून टाकला, आणि आम्हाला ते कळलं कधी, तर शेखरने पिशवीतून नवीन पुस्तक काढलं तेव्हा!

निवळ म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आमच्या गावात, किन्हवलीत, आम्ही चौघं सोडून ते कोणाला माहीत नाही, आणि ज्यांना थोडंफार माहीत आहे ते हसतात.

१९९४ साली मी अकरावीत होते. आमच्या शेजारचा कमळाकरदादा तेव्हा डी.एड. करत होता. एकदा तो कल्याणहून रद्दीतलं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आला. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं. आठवडाभर त्याने ते वाचलं आणि मग मला, माझ्या धाकट्या भावाला चंदरला आणि शेणव्याहून सुट्टीला आलेल्या आमच्या आतेभावाला, शेखरला, पडवीत बसवून सांगितलं की हा एक खेळ आहे. पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसतं बोलायचं. एकाने सूत्रधार व्हायचं. तो सांगणार, तुम्ही जंगलात आहात, समोर नदी आहे, पूल तुटलाय, आता काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका आली तर पत्र्याच्या डब्यातून आकड्याची चिठ्ठी काढायची. मोठा आकडा आला तर जमलं, लहान आला तर पडलात नदीत.

पुस्तकात नियम थोडे होते आणि माहिती भरमसाट. नऊ नद्या, त्यांच्या काठचे देश, त्यांचे राजे, त्यांचे देव, कोणाच्या आजोबांनी कोणाचा किल्ला जाळला आणि त्यावरून नातवंडं अजून कशी भांडतात. या सगळ्याला मिळून आम्ही 'मुलूख' म्हणायचो. रविवारी दुपारची जेवणं उरकली की कोणीतरी म्हणायचंच, चला, मुलूख खेळू.

इंग्रजी आम्हा तिघांचं यथातथाच. म्हणून दादाने ते पुस्तक मराठीत उतरवलं. चार जाड वह्या, वळणदार अक्षर. मूळ पुस्तकाला मात्र तो कोणाला हात लावू द्यायचा नाही. पानं सुटतात, म्हणायचा. आम्हाला तरी ते कशाला हवं होतं? वह्या होत्या.

तिसऱ्या वहीत निवळ होतं. सातव्या नदीच्या खालच्या अंगाला भातशेतीचा देश. तिथे राजा नाही. बांध राखायला आणि कोणाची आवणी, म्हणजे भाताची लावणी, आधी, कोणाची मागून, हे ठरवायला लोक एक बाई निवडतात. तिला बांधराखीण म्हणतात. ज्याची आवणी आधी उरकेल त्याने शेजाऱ्याच्या चिखलात उतरायचंच. नाही उतरला तर वर्षभर त्याच्या घरी कोणी विस्तव देत नाही. मी सोळा वर्षांची होते. आमच्या घरी मी काय शिकायचं इथपासून कोणाच्या लग्नाला कुठली साडी नेसायची इथपर्यंत सगळं दुसरे ठरवायचे. मी त्याच दुपारी बांधराखीण झाले. नाव घेतलं गोजर. पुढली नऊ वर्षं मी रविवारची गोजर होते, आणि खरं सांगायचं तर उरलेले सहा दिवसही थोडीफार होतेच. बारावीनंतर वडील 'आता पुरे' म्हणाले, तेव्हा त्यांच्यासमोर उभं राहून टायपिंगच्या क्लासची फी मागितली ती गोजरने. माझ्यात, नुसत्या अनितात, तेवढी धमक नव्हती.

आणखी एक गोष्ट होती. निवळमधले लोक पेरणीआधी रोपाच्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळायचे. म्हणजे राब. अगदी आमच्याकडे भाजतात तसाच. मला त्याचं केवढं अप्रूप! परदेशातल्या माणसांच्या पुस्तकात राब! कॉलेजात दोघीतिघींना मी हे ऐकवलं होतं. वडिलांनाही सांगितलं, "तिकडंपण राब भाजतात."

"मग?" ते म्हणाले. "भाजल्याशिवाय रोप येतं काय?"

तर अशा त्या देशाचं काय झालं ते २००३ च्या फेब्रुवारीत कळलं. शेखर तोवर कल्याणला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता. त्याच्या ऑफिसातल्या कोणीतरी बाहेरून मुलखाची नवी आवृत्ती आणली होती, गुळगुळीत पानांची, रंगीत चित्रांची. पडवीत मांडी ठोकून तो आम्हाला एकेक बदल वाचून दाखवायला लागला. गोष्ट नव्वद वर्षं पुढे गेली होती. दोन देव मेले होते. चंदरचा शिकारी ज्या राजाच्या पदरी होता, तो राजा म्हणे पहिल्यापासून राणीच होती.

"पगार देते ना?" चंदर म्हणाला. "मग असू दे."

"आणि निवळ?" मी विचारलं.

शेखरने नकाशा उलगडला. सातव्या नदीवर बोट ठेवून खाली आला, मागे गेला, पुन्हा खाली आला. मग शोधून एक ओळ वाचली. सातव्या नदीच्या खालच्या अंगाला जगाच्या आरंभापासून दलदल आहे. तिथे मनुष्यवस्ती कधीच नव्हती.

"कधीच नव्हती?" मी म्हटलं. "मग मी नऊ वर्षं कुठं व्हते?"

"अगो, अपडेट केलंय त्यांनी. तुला काय एवढं?"

मला काय एवढं! मी दादाकडे बघितलं. निवळवर त्याचा किती जीव, हे मला माहीत होतं. निवळची गोष्ट सांगताना तो चहा गार होऊ द्यायचा. तो आता चटईच्या काड्या उपसत बसला होता. "बरं झालं," तो खाली बघूनच म्हणाला. "यापुढं नव्या पुस्तकानंच खेळू."

माझं डोकंच फिरलं. सोमवारी वकीलसाहेब कोर्टात गेल्यावर मी त्या कंपनीला पत्र लिहायला बसले. इंग्रजीत, डिक्शनरी घेऊन, तीन पानं. आमच्या ऑफिसात हरकतीचे अर्ज जसे लिहितात तसंच लिहिलं. मी खाली सही करणार, राहणार किन्हवली, तालुका शहापूर, हरकत घेते की. निवळच्या सतरा गावांची नावं दिली. बांधराखिणीची निवड कशी होते ते लिहिलं. विस्तव बंद करायचा कायदा लिहिला. राब कसा रचतात, कधी पेटवतात, राख कशी पसरतात, सगळं खुलासेवार लिहून विचारलं, एवढं सगळं तुम्हीच आम्हाला सांगितलंत, आणि आता कधीच नव्हतं म्हणता? एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून ते ईमेलने पाठवलं. कॅफेवाला म्हणाला, जमिनीची केस आहे का? मी हो म्हटलं.

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. माणूस सभ्य होता, तेच जास्त झोंबलं. तुमचा निवळ देश मला फार आवडला, त्याने लिहिलं होतं. पण आमच्या कुठल्याही आवृत्तीत असा देश नव्हता. आपण कोणत्या पानाबद्दल बोलत आहात ते कृपया कळवाल का?

पान हवंय? देते पान.

दादा तेव्हा वैशाखऱ्याच्या शाळेवर होता आणि तिथेच खोली घेऊन राहायचा. पुस्तकही त्याच्याच ट्रंकेत होतं. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, सरळगावला गाडी बदलली आणि शाळा सुटायच्या वेळेला त्याच्या दारात उभी राहिले. वाटेत दोन्ही अंगाला राब भाजत होते. धुराने माझे डोळे चुरचुरत होते आणि राग तर कल्याणपर्यंत पुरला असता.

"दादा, पुस्तक काढ," मी म्हटलं. "ते म्हणतात निवळ नव्हतंच. खोटारडे! पान झेरॉक्स करून त्यांच्या तोंडावर मारते."

त्याने माझ्या हातातला त्या उत्तराचा कागद वाचला. खडूचे हात पँटला पुसले. ट्रंक उघडली, कपड्यांच्या तळातून ते पुस्तक काढलं आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात दिलं.

मी पानं उलटत गेले. सहावी नदी सापडली. पान एकशे बारा. पुढलं पान एकशे एकोणतीस, आठवी नदी.

"मधली पानं?"

"नाय."

"नाय म्हंजे?"

"नव्हतीच गो. रद्दीवाल्याकडनं आणलं तेव्हाच नव्हती. सोळा पानं."

मी खाली बसले. खोलीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर त्याचे धुतलेले कपडे होते, म्हणून जमिनीवरच बसले.

"मग निवळ?"

"तुमी तिघं रोज येऊन बसायचे," तो म्हणाला. "दादा, पुढं काय, दादा, पुढं काय. तेव्हा कसं सांगू पानं नायत म्हणून? खेळ तिथंच मोडला असता. दिवाळीच्या सुट्टीत बसलो आणि लिहिलं."

"आणि राब?"

"मग दुसरं काय लिहू? मी काय बघितलंय दुसरं?"

लाजेने माझे कान तापले. त्या परदेशातल्या सभ्य माणसाला मी ठणकावून सांगितलं होतं की राब त्याच्याच पुस्तकात आहे. राख कशी पसरायची तेही समजावलं होतं! गावांची नावं, गोजर, रखमी, कमळ ही बायकांची नावं. ती दादाने आपल्यासाठी मराठी केली असतील असं आम्ही धरून चाललो होतो. आजूबाजूच्या सगळ्या म्हाताऱ्या वहीत येऊन बसल्या होत्या, रोजच्या वाटेवरचे बांध येऊन बसले होते, आणि आम्ही तिघं नऊ वर्षं त्याला परदेश समजत होतो. इतकी बेअक्कल माणसं शहापूर तालुक्यात दुसरी नसतील.

पण लाज ओसरली तेव्हा खाली जे उरलं ते वेगळंच होतं. मी मनाशी धरून चालले होते की जगात हजारो लोक हे पुस्तक वाचतात. म्हणजे कुठेतरी लांबच्या शहरात माझ्यासारखीच एक बाई रविवारी दुपारी बांधराखीण होत असणार. कित्येकदा मी तिचा विचार करायचे. नवी आवृत्ती आली तेव्हाही वाटलं होतं, तीसुद्धा अशीच भडकली असेल, तिनेही पत्र लिहिलं असेल. आता कळलं की ती नव्हतीच. निवळमध्ये मी एकटी होते. त्याचं मला इतकं वाईट वाटलं की दादासमोर रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

"फसवलंस तू आमाला."

"फसवलं," तो म्हणाला. "रोज वाटायचं, आज सांगू. आता सुटलो बघ. नव्या पुस्तकात सगळी पानं हायत."

त्याच्या तोंडावरची ती मोकळीक बघून मला त्याला ते पुस्तक फेकून मारावंसं वाटलं. मी शेवटची गाडी पकडून घरी आले.

रविवारी चौघं जमलो तेव्हा त्याने बाकीच्या दोघांनाही सांगून टाकलं. शेखर खूश झाला. "म्हंजे ते ऑफिशियल नव्हतंच! मग प्रश्नच मिटला." चंदर म्हणाला, "राब दादानं घातला? मला वाटलंच व्हतं."

"कधी वाटलं व्हतं?" मी विचारलं.

"आता."

दादाला माझी दया आली असावी. तो म्हणाला, "असं करू. आजचा एक डाव निवळमध्ये खेळू. अनीचा निरोपाचा डाव. शेवटी पूर येईल, सगळं दलदलीत जाईल, आणि पुढच्या रैवारपासून नवीन पुस्तक." मला तो निरोप नको होता. पण मी बसले, कारण गोजर बांधावर असताना पूर कसा येतो तेच मला बघायचं होतं.

दादाने घसा साफ केला. "तुमी निवळच्या वेशीवर येता. राजाचे शिपाई तुमाला अडवतात."

"कोणाचे?"

"राजाचे."

"निवळमध्ये राजा नाय."

"ठेवला एक. शेवटचाच डाव हाय ना?" तो सहज म्हणाला. "बरं, शिपाई विचारतात, विस्तव कुठून आणलात..."

"विस्तव कोणी विचारत नाय. विस्तव बंद असला तरच विचारतात, आणि तो बांधराखीण विचारते. तिसरी वही, शेवटून चौथं पान."

"असं लिहिलंय मी?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो थट्टा करत नव्हता. तो विसरला होता. कायदा विसरला होता, सतरापैकी आठ गावं विसरला होता, आणि सातव्या नदीच्या काठाने देवीची जत्रा कुठल्या गावाहून निघते तेही त्याला सांगता येईना. त्याने एका दिवाळीच्या सुट्टीत लिहिलं आणि विसरून गेला. तोंडपाठ मला होतं.

"अगो पण लिहिलं त्यानंच ना," शेखर मध्ये पडला. "तो बदलेल नायतर काय करेल. त्याचंच हाय."

"लिहिलं त्यानं," मी म्हटलं. "राहिले मी."

हे मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण आई आतून डोकावून गेली. दादाचाही तोल गेला. इतकी वर्षं मी त्याला कधी चिडलेला बघितला नव्हता. त्याने चिठ्ठ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला, इतक्या जोरात की दोन चिठ्ठ्या बाहेर पडल्या. "मग तूच चालव! हा राजा नाय, तो विस्तव नाय. मला नाय झेपत तुझं निवळ. ऊठ, बस हिकडं."

तो खांबाजवळची सूत्रधाराची जागा सोडून उठला आणि चंदरच्या पलीकडे जाऊन बसला. मी उठले आणि त्याच्या जागी जाऊन बसले. क्षणभर मला फार बरं वाटलं. निवळ वाचलं होतं. आता कोणी त्यात राजा ठेवू शकत नव्हतं, कोणी पूर आणू शकत नव्हतं.

"आणि सूत्रधाराला पात्र घेता येत नाय हां," शेखर म्हणाला. त्याने नवं पुस्तक उघडून बघितलंसुद्धा. "हा रूल हाय अजून. हा नाय बदलला त्यांनी."

सगळं जग उलटंपालटं केलं मेल्यांनी, आणि हा एवढा नियम तेवढा ठेवला!

मी नियम मोडू शकले असते. आमच्या पडवीत कोण बघायला येणार होतं? पण गोजरला ठेवलं तर मीच विचारणार आणि मीच उत्तर देणार. आणि ज्या देशात बांधराखीण सूत्रधाराच्याच खिशात, त्या देशात राजा नाही असं कोणत्या तोंडाने सांगू? दादाने तर नुसते शिपाई आणले होते. मी स्वतःच राणी होऊन बसले असते. निवळ जसं होतं तसं राहायचं असेल तर गोजरला तिथे राहता येत नव्हतं. हे मला खांबाला टेकल्यावर कळलं. तिघंही माझ्याकडे बघत होते. दादाने घाईघाईत स्वतःसाठी एक वाटसरू घेतला होता.

"तुमी निवळच्या वेशीवर येता," मी सुरुवात केली. "शिपाई नायत. शेतांत राब पेटलेत. धुरातून एक बाई तुमच्याकडं येते. ती हितली बांधराखीण. तिचं नाव रखमी."

चंदरने मान वर केली. "रखमी कोण? गोजर कुठंय?"

"गोजर आता नाय."

"नाय म्हंजे? मेली?"

"मेली नाय. गेली."

"कुठं गेली?"

"ते अजून ठरवलं नाय."

चंदर ताडकन उठून उभा राहिला. मुलखात कोण आलं, कोण गेलं याच्याशी कधी घेणंदेणं नसलेला माझा भाऊ, त्याचा चेहरा लाल झाला होता. "असं कसं? गेल्या खेपेला व्हती ना ती? माझ्या शिकाऱ्याला तिनं भाऊ मानलाय. वाघानं फाडला तेव्हा तिनं त्याला खांद्यावरनं आणलाय घरी. आणि आता म्हणते, नाय? तुला मनाला येईल तसं बदलशील आणि आमी ऐकून घ्यायचं? आमाला विचारलंस?"

दादा खाली बघत होता. शेखरनेसुद्धा पुस्तक मिटलं. मला चंदरला सांगायचं होतं की मलाही तितकंच लागलंय, त्याच्याहून जास्त लागलंय. पण ते सांगायची जागा आता माझी नव्हती, आणि त्याचं म्हणणं तर शब्दन् शब्द खरं होतं.

"बस खाली," मी म्हटलं. "तुझा शिकारी लांबनं चालत आलाय. रखमी त्याला पाणी विचारते."